इकोस्प्रिन आणि ॲसिट्रोम: रक्त 'पातळ' करणाऱ्या दोन गोळ्यांची गल्लत

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" असं दात काढण्याआधी डॉक्टर विचारतात आणि पेशंट "हो" म्हणतो. कोणती, हे पुढे विचारलं नाही तर त्या 'हो'ला फारसा अर्थ नसतो. एकाच नावाखाली आपल्याकडे घरोघरी दोन वेगळ्या जातींची औषधं घेतली जातात. एक ॲस्पिरिन, बहुतेकांच्या तोंडी इकोस्प्रिन. दुसरी अँटिकोॲग्युलंट: ॲसिट्रोम, वॉर्फ (म्हणजे वॉर्फरिन), किंवा अलीकडच्या अपिक्सॅबॅन, रिव्हारोक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन. खरं तर यातली एकही गोळी रक्त पातळ करत नाही. रक्ताचा दाटपणा तेवढाच राहतो, गुठळी होण्याच्या कामात फक्त आडकाठी येते. ती नेमकी कुठे येते, यावर पुढचं सगळं ठरतं, आणि एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या माणसाच्या बाबतीत तर फारच.

या विकारात (डॉक्टर त्याला थोडक्यात 'एएफ' म्हणतात) हृदयाच्या वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० अशा बेशिस्त विद्युतलहरी उठतात. कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी जोडलेली असते, तिच्यात रक्त रेंगाळतं आणि साचल्या पाण्यावर शेवाळ धरावं तशी तिथे गुठळी धरते. ती सुटली की बऱ्याचदा थेट मेंदूकडे जाते. एएफमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, आणि असा झटका इतर कारणांनी येणाऱ्या झटक्यांपेक्षा सहसा मोठा असतो. धडधड, धाप, थकवा हे सगळं त्रासदायक खरं, पण काहींना यातलं काहीच जाणवत नाही. एएफमधला मोठा प्रश्न ही गुठळी आहे. ठोक्यांचा वेग आटोक्यात आणणारी मेटोप्रोलोलसारखी गोळी ती थांबवत नाही.

आता ॲस्पिरिन. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात तेव्हा त्यांना थ्रॉम्बोक्सेन नावाचं रसायन लागतं, आणि ॲस्पिरिन ते बनवणारं विकर कायमचं बंद करतं. प्लेटलेटचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं, तोवर ती निकामीच राहते. म्हणून ७५ मिलिग्रॅमची इवलीशी गोळी दिवसातून एकदा पुरते. हार्ट अटॅकमध्ये हे उपयोगी पडतं, कारण तिथे वेगानं वाहणाऱ्या धमनीत चरबीचा थर फुटतो आणि त्यावर आधी प्लेटलेटचाच ढीग जमतो.

एएफची गुठळी अशी होत नाही. इथे रक्त वाहत नाही, साचतं. संथ रक्तात गोठण घटकांची साखळी जागी होते आणि शेवटी फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं. त्यात प्लेटलेटचा वाटा दुय्यम. अँटिकोॲग्युलंट गोळ्या ही साखळीच तोडतात. डॅबिगॅट्रॅन थ्रॉम्बिनला अडवतं, अपिक्सॅबॅन आणि रिव्हारोक्सॅबॅन त्याच्या एक पायरी आधीच्या 'टेन ए' या घटकाला. वॉर्फरिन आणि ॲसिट्रोममधलं ॲसेनोकुमारोल आणखी मागे जातात. के जीवनसत्त्वाचा पुनर्वापर अडवून ते यकृतात चार गोठण घटक नीट तयारच होऊ देत नाहीत.

त्यामुळे ॲस्पिरिन म्हणजे 'सौम्य ॲसिट्रोम' नव्हे, आणि ॲसिट्रोम म्हणजे 'जोरदार इकोस्प्रिन' नव्हे. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महागात पडणारी गल्लत हीच आहे. "वय झालंय, रक्तस्राव नको, साधी इकोस्प्रिन द्या" हे वाक्य इतकं समजूतदार वाटतं की त्याला कुणी हरकत घेत नाही.

ती घ्यायला हवी, याचे पुरावे जुने आहेत. २००७ साली अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या हिशेबात एएफमधला पक्षाघात वॉर्फरिननं ६४ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, तर ॲस्पिरिनसारख्या औषधांनी जेमतेम २२ टक्क्यांनी. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या 'बाफ्टा' चाचणीत ७५ वर्षांपुढचे ९७३ लोक होते, म्हणजे ज्यांच्या काळजीपोटी ॲस्पिरिन निवडलं जातं तेच. वॉर्फरिनच्या गटात पक्षाघात आणि तत्सम मोठ्या घटना वर्षाला १.८ टक्के, ॲस्पिरिनच्या गटात ३.८ टक्के. मोठे रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखेच! २०११ च्या 'ॲव्हेरोज' चाचणीत वॉर्फरिन झेपणार नाही असं ठरलेल्या रुग्णांना अपिक्सॅबॅन किंवा ॲस्पिरिन दिलं गेलं. पक्षाघाताचं प्रमाण वर्षाला १.६ विरुद्ध ३.७ टक्के आणि मोठा रक्तस्राव १.४ विरुद्ध १.२ टक्के. फायदा इतका उघड दिसला की चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. सुरक्षित म्हणून निवडलेली गोळी धोका फारसा कमी करत नाही आणि संरक्षणही देत नाही. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनीही एएफमध्ये अँटिकोॲग्युलंटला पर्याय म्हणून ॲस्पिरिन देऊ नये, असं स्पष्ट म्हटलं आहे.

पण म्हणून कुणी हे वाचून घरातल्या आजोबांची इकोस्प्रिन आज बंद करू नये. त्यांच्या हृदयात स्टेंट असेल, मागे हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर ती गोळी एएफसाठी नसतेच, धमनीसाठी असते. स्टेंटनंतर काही काळ दोन्ही जातींची औषधं एकत्र लागू शकतात. पण "एकदा सुरू झाली ती कायमची" हेही खरं नाही. २०१९ च्या जपानी 'अफायर' चाचणीत ज्यांचा धमनीविकार स्थिर होता अशा एएफच्या रुग्णांना नुसती रिव्हारोक्सॅबॅन पुरली. सोबत ॲस्पिरिनसारखी गोळी चालू ठेवणाऱ्यांत रक्तस्राव जास्त झाला. स्टेंटला वर्ष उलटून गेलं असेल आणि दोन्ही गोळ्या चालूच असतील, तर पुढच्या भेटीत "यातली एक आता थांबवायची का?" हा प्रश्न आपणहून विचारावा.

खाण्यापिण्याची पथ्यंही याच गल्लतीमुळे उलटसुलट होतात. 'रक्त पातळ करायची गोळी आहे, पालेभाजी बंद' असा एक सरसकट हुकूम घराघरांत फिरतो. ॲस्पिरिनचा पालेभाजीशी काहीही संबंध नाही. अपिक्सॅबॅन, रिव्हारोक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन यांचाही नाही. संबंध आहे तो फक्त वॉर्फरिन आणि ॲसिट्रोमचा, कारण त्यांची लढत थेट के जीवनसत्त्वाशी आहे.

या औषधाचा जन्मही गुरांच्या वैरणीतून झाला. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडाच्या सीमाभागात बुरशी धरलेलं 'स्वीट क्लोव्हर' गवत खाऊन जनावरं रक्तस्रावानं मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या गटानं त्यातलं द्रव्य वेगळं काढलं. त्याच घराण्यातलं वॉर्फरिन आधी १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांना दिलं जाऊ लागलं. "उंदराचं औषध देतात म्हणे" ही कुजबुज त्यामुळे अगदीच खोटी नाही, पण मात्रेचा फरक विसरून ती पसरवणं बरोबर नाही.

मात्रा सांभाळायला आयएनआर ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी असते. एएफमध्ये ती सहसा २ ते ३ च्या दरम्यान हवी. दोनच्या खाली गेली की गुठळीचा धोका, तीनच्या बरीच वर गेली की रक्तस्रावाचा. ॲसिट्रोमच्या चिठ्ठीवर 'सोमवार-गुरुवार अर्धी, बाकी दिवस एक' असं चमत्कारिक वेळापत्रक दिसतं ते यासाठीच.

पालेभाजी खायची, पण रोजच्या बेतानं. १०० ग्रॅम कच्च्या पालकात के जीवनसत्त्व सुमारे ४८० मायक्रोग्रॅम असतं, कोथिंबिरीत ३१० च्या आसपास, कोबीत ७५ च्या आसपास, फ्लॉवरमध्ये त्याहून कितीतरी कमी. मोठ्या माणसाची रोजची गरज ९० ते १२० मायक्रोग्रॅम. आठवड्यातून तीनदा पालेभाजी होणाऱ्या घरात डॉक्टर त्या खाण्याला धरूनच गोळीची मात्रा बसवतात. गडबड होते ती बदलानं. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी बाजारात आल्या की पंधरा दिवस रोज पानात रानभाजी, किंवा कुणीतरी सांगितलं म्हणून सकाळी पालकाचा हिरवा ज्यूस सुरू. मग आयएनआर खाली येते. उलट श्रावणातल्या कडक उपासात किंवा आजारपणात जेवण तुटलं की ती वर जाते. भाजी पूर्ण बंद केलेल्या माणसाची आयएनआर तर आणखीनच अस्थिर होते, कारण साठा इतका कमी राहतो की एका जुडीनंही काटा हलतो. ही गोष्ट पथ्य सांगणाऱ्यांना पटवणं फार अवघड जातं.

पूरक गोळ्यांत एक छुपी अडचण आहे. गुडघेदुखीसाठी किंवा हाडं ठिसूळ झाली म्हणून लिहून दिलेल्या कॅल्शियम-डी३ च्या गोळीत बऱ्याचदा के२ जीवनसत्त्व, 'के२-७' या नावानं, घातलेलं असतं. हाडांचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, आणि ॲसिट्रोम घेणाऱ्याची आयएनआर का घसरली हे कुणालाच कळत नाही. खोक्याच्या मागची बारीक अक्षरं इथे वाचायलाच हवीत. मल्टिव्हिटॅमिनचंही तेच.

लसणाच्या कॅप्सूल, कर्क्युमिनच्या (हळदीतल्या द्रव्याच्या) कॅप्सूल, जिंको या झाडाच्या पानांचा अर्क यांची काळजी मात्र दोन्ही जातींच्या गोळ्यांबरोबर घ्यावी लागते, कारण त्या रक्तस्रावाकडे झुकवू शकतात. आमटीतली हळद आणि फोडणीतला लसूण यांना कुणी घाबरू नये. प्रश्न अर्क काढून दाटवलेल्या मात्रांचा आहे.

आणि फिश ऑइल. ते हृदयासाठी चांगलं म्हणून घेतलं जातं, पण २०२१ मध्ये मोठ्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा ओमेगा-३ च्या कॅप्सूल घेणाऱ्यांत एएफचाच धोका सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेला आढळला. दिवसाला एक ग्रॅमहून जास्त घेणाऱ्यांत वाढ ४९ टक्के होती. बांगड्याच्या कालवणाला हे लागू नाही. मॅग्नेशियमची बाजू साधी आहे: रक्तात ते किंवा पोटॅशियम कमी असेल, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे, तर ठोके बिघडतात आणि भरपाई करावी लागते. तपासणीत ते पुरेसं असेल तर जादा गोळीनं एएफ जात नाही. एएफवर खरोखर परिणाम होतो तो कंटाळवाण्या गोष्टींनी. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात वजन १० टक्के किंवा जास्त उतरवून टिकवणाऱ्यांचे ठोके सुरळीत राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती. तिथल्याच २०२० च्या चाचणीत दारू सोडलेल्यांत एएफ परतण्याचं प्रमाण ५३ टक्के, न सोडलेल्यांत ७३ टक्के.

नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही आणि पालेभाजीचा जाचही नाही. मग ॲसिट्रोम अजून का? आपल्याकडे एक ठाम कारण आहे. लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं झडप आकुंचलेले रुग्ण इथे अजून खूप आहेत. २०२२ मध्ये आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत झालेल्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत अशा रुग्णांत रिव्हारोक्सॅबॅनपेक्षा जुनं वॉर्फरिनच सरस ठरलं, मृत्यूही कमी झाले. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांनाही वॉर्फरिन-ॲसिट्रोमच लागतं. २०१३ मध्ये अशा झडपांवर डॅबिगॅट्रॅन वापरून पाहिलं, तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. झडपेचा असा आजार नसेल तर मात्र नव्या गोळीला पहिली पसंती मिळते. मूत्रपिंडाचं काम किती चालतं हे पाहून तिची मात्रा ठरते, म्हणून क्रिएटिनिनची तपासणी अधूनमधून हवीच.

गोळी चुकली तर काय, याचं उत्तरही जातीनुसार बदलतं. ॲस्पिरिनचा एक दिवस राहिला तरी जुन्या प्लेटलेट निकामीच असतात. वॉर्फरिनचा असर उतरायला काही दिवस लागतात. अपिक्सॅबॅन चुकवली तर संरक्षण दुसऱ्या दिवशी जवळपास संपलेलं असतं. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी सहा तासांच्या आत आठवली तर घ्यावी, एकदाच घ्यायची असेल तर बारा तासांच्या आत. दोन एकदम कधीच नाहीत. रिव्हारोक्सॅबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटी घ्यायची, नाहीतर ती पुरती शोषली जात नाही. उपासाच्या दिवशी हे लक्षात राहत नाही.

अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं, मग सोबत ॲस्पिरिन असो वा अँटिकोॲग्युलंट, तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते. काळी, डांबरासारखी शौच हे त्याचं लक्षण. जंतुसंसर्गावरचं मेट्रोनिडाझोल आणि बुरशीवरचं फ्लुकोनाझोल ॲसिट्रोम घेणाऱ्याची आयएनआर चढवतात. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन उलट करतं, आणि ते नव्या गोळ्यांचाही असर उतरवतं, ज्यांना मोजायला नेहमीच्या लॅबमध्ये सोपी तपासणी नाही. टीबीचे उपचार सुरू होत असतील तर एएफची गोळी कोणती चालू आहे, तिचं नाव आणि मिलिग्रॅम, दोन्ही डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगावं.