गंभीर मानसिक आजार आणि वार्धक्यातील चयापचय

स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार किंवा वारंवार उलटणारे तीव्र नैराश्य असलेल्यांचे आयुष्य इतरांपेक्षा सरासरी 10 ते 20 वर्षांनी कमी भरते. त्यांच्यात आत्महत्येचा धोका जास्त असतो हे खरे. पण उतारवयातले मृत्यू मोजले तर हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि फुप्फुसांचे आजारच पुढे येतात.

यांतल्या बऱ्याच आजारांची पूर्वतयारी मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये झालेली असते. कंबरेचा वाढलेला घेर, 130/85 किंवा त्यावरचा रक्तदाब, उपाशीपोटी 100 किंवा त्याहून जास्त साखर, 150 किंवा त्याहून जास्त ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि उतरलेले एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) या पाचांपैकी तीन खुणा जुळल्या की निदान पक्के. या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांत त्या जुळतात.

सगळे खापर औषधांवर फोडण्याची पद्धत आहे. पण ‘वेड’ असलेल्या घराण्यांत मधुमेह वरचेवर दिसतो, असे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ हेन्री मॉडस्ली यांनी 1879 मध्येच नोंदवले होते. मनोविकारावरचे पहिले आधुनिक औषध, क्लोरप्रोमाझिन, आले 1952 मध्ये. आजच्या अशा औषधांपैकी ओलान्झापिन आणि क्लोझापिन भूक व वजन सर्वांत जास्त वाढवतात, एरिपिप्राझोल बरेच कमी. तरीही फिनलंडमधील 2009 च्या मोठ्या अभ्यासात क्लोझापिन घेणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण इतर औषधे घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. वजन वाढले म्हणून गोळी एकदम बंद करणे त्यामुळे धोक्याचे.

म्हातारपणी वजनकाटा फसवतो. स्नायू झिजतात, पोट सुटते आणि आकडा तोच राहतो. म्हणून मोजपट्टीही हवी. आपोआप घटणारे वजन तर वाढत्या वजनाहून वाईट लक्षण ठरू शकते.

तंबाखूचा धूर यकृतात क्लोझापिनचा निचरा वेगाने करवतो. हे काम धुराचे, निकोटिनचे नव्हे. न्यूमोनियाने दाखल झालेल्या वृद्धाची सिगारेट सुटते, गोळी तेवढीच राहते, रक्तातले क्लोझापिन वाढते आणि आठवडाभरात तो पेंगू लागतो, लाळ गळते, तोल जातो. बायपोलर विकारावरच्या लिथियमचेही तसेच: रक्तदाबासाठी थायझाइड (लघवी वाढवणारे औषध) सुरू केले की लिथियमची रक्तातली पातळी चढते.

तक्रारीवर विश्वास न बसणे हा वेगळाच घात. ‘छातीवर कुणीतरी बसलंय’ असे रुग्ण म्हणतो. केसपेपरवर जुने निदान असते, म्हणून ते वाक्य भ्रमाच्या रकान्यात जाते आणि ईसीजी राहून जातो. साखर आणि चरबीच्या तपासण्यांचेही असेच होते. मानसोपचारतज्ज्ञाला वाटते फिजिशियन बघतील, फिजिशियनला वाटते मानसोपचारतज्ज्ञ. औषध सुरू करताना आणि 12 आठवड्यांनी या तपासण्या कराव्यात, अशी शिफारस अमेरिकेतील मधुमेह व मानसोपचार संघटनांनी 2004 मध्येच केलेली आहे.