काट्यावरून उतरल्यानंतरचे तीन तास

विदर्भातील एखाद्या खेड्यातून जिल्हा किंवा विभागीय बॉक्सिंग स्पर्धेला निघालेला मुलगा आदल्या दुपारपासून पाणी तोडतो, रात्रीच्या एसटीने शहर गाठतो, सकाळी उपाशीपोटी काट्यावर उभा राहतो आणि वजन बसले की दोन बाटल्या थंड पाणी एका दमात पिऊन मैदानाबाहेरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खायला जातो. वजन कसे उतरवायचे याची चर्चा त्याच्या तालमीत महिनाभर झालेली असते. वजन दिल्यानंतर काय प्यायचे, किती प्यायचे आणि काय खायचे याची मात्र बहुधा होत नाही. वास्तविक किती वजन उतरवणे परवडेल, हे त्या नंतरच्या तासांवरूनच ठरवायला हवे, कारण घामावाटे गेलेले पाणी परत घेण्याचा आतड्यांचा आणि ते राखून ठेवण्याचा मूत्रपिंडांचा वेग ठरलेला असतो आणि जिद्दीने तो वाढत नाही.

शेवटच्या दोन दिवसांत जे वजन उतरते त्यात चरबी जवळजवळ नसते. एक किलो चरबी जाळायला सुमारे ७७०० किलोकॅलरी लागतात आणि पन्नास किलोच्या मुलाचा दिवसभराचा सारा खर्च दोन-अडीच हजारांच्या आसपास असतो. म्हणजे पूर्ण उपवास केला तरी दिवसाला पाव किलोच्या वर चरबी जाणे कठीण. उतरते ते तीन ठिकाणांहून. पहिले म्हणजे आतड्यातील अन्नाचा अवशेष, जो कोंडा, सालीच्या डाळी आणि पालेभाज्या दोन दिवस टाळल्या तरी काही शे ग्रॅमने कमी होतो आणि त्याचा शरीराला फारसा तोटा नाही. दुसरे म्हणजे स्नायू आणि यकृतातील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते, त्यामुळे ती संपली की पाणीही जाते. तिसरा आणि सर्वांत मोठा वाटा घामाचा.

व्यावसायिक मुष्टियोद्धे लढतीच्या आदल्या दिवशी वजन देतात, त्यामुळे त्यांना चोवीस तास किंवा त्याहून अधिक वेळ मिळतो. हौशी स्पर्धांत सकाळी वजन आणि त्याच दिवशी लढत असा क्रम असतो आणि मधले अंतर कधीकधी तीन तासांचेच असते. आपल्याकडील मुले समाजमाध्यमांवर व्यावसायिकांच्या चित्रफिती पाहून त्यांच्यासारखे पाच-सहा किलो उतरवू पाहतात, तेव्हा हा फरक त्यांच्या ध्यानात येत नाही. २०१८ साली पोलंडमधील ग्लिवित्से येथे मेरी कोम यांनी पहाटे पोहोचल्यावर चार तासांत दोन किलो वजन उतरवले, त्यासाठी सलग तासभर दोरीवरच्या उड्या मारल्या आणि ४८ किलो गटात सुवर्णपदकही मिळवले. ही हकीकत खरी आहे, पण त्यांच्यामागे कितीतरी वर्षांचा अनुभव होता, आणि असे करून पहिल्याच फेरीत पाय गळालेल्यांच्या हकीकती कोणी सांगत नाही. नागपूरच्या अल्फिया पठाण यांनी २०२१ मध्ये ज्या गटात जागतिक युवा विजेतेपद मिळवले तो ८१ किलोंच्या वरचा होता. त्या गटाला वरची मर्यादाच नसल्याने हा सारा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

पन्नास किलोच्या तरुणाच्या शरीरात साधारण तीस लिटर पाणी असते. त्यातील दोन तृतीयांश पेशींच्या आत असते आणि रक्तातील द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, जेमतेम दोन-अडीच लिटर असतो. घाम तयार होतो तो प्लाझ्मातून. पेशींमधील पाणी काही प्रमाणात त्याची भरपाई करते, तरीही दोन लिटर घाम गेल्यावर रक्ताचे आकारमान घटते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे ढकलले जाते, नाडी वाढते आणि शरीरातील उष्णता त्वचेपर्यंत पोहोचवण्याचे काम मंदावते. शरीरातील पाणी घटल्यावर मेंदूचे आकारमान किंचित कमी होऊन त्यातील द्रवाच्या पोकळ्या रुंदावतात, असे एमआरआय चित्रणात दिसले आहे. ज्या खेळात डोक्यावर ठोसे बसतात त्या खेळात कोरड्या शरीराने उतरणे यासाठीही चिंतेचे मानले जाते.

आता पाणी. एक लिटर साधे पाणी झटकन प्यायल्यास ते आतड्यांतून रक्तात उतरते आणि रक्तातील सोडियमची तीव्रता कमी करते. मेंदूतील संवेदक हा बदल टिपतात, पाणी राखून ठेवणाऱ्या संप्रेरकाचा स्राव थांबतो आणि शरीर अजून कोरडे असतानाच मूत्रपिंडे पाणी सोडू लागतात. तासाभरात लघवी पांढरी झाली की पाणी भरून निघाले, असे मुलगाही समजतो आणि प्रशिक्षकही. एरवी लघवीचा रंग हा चांगला निकष आहे, पण भरपूर साधे पाणी घाईने प्यायल्यानंतरच्या दोन-तीन तासांत तो हमखास फसवतो. तहानेचेही तेच होते. रक्त थोडे पातळ झाले की ती भागते, शरीराची गरज मात्र तशीच उरते.

पाणी टिकवायचे तर त्यासोबत मीठ हवे आणि ते लवकर आत घ्यायचे तर थोडी साखर हवी. लहान आतड्याच्या अस्तरात असे एक वाहक प्रथिन असते की ते ग्लुकोजचा एक रेणू सोडियमच्या दोन आयनांसोबतच आत घेते, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी ओढले जाते. ही जोडवाहतूक रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली आणि १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवून तिचे मोल दाखवून दिले. बॉक्सिंगपटूला आणि जुलाबाने कोरड्या पडलेल्या बाळाला मीठ-साखरेच्या एकाच पुडीचा, म्हणजे ओआरएसचा, उपयोग व्हावा, यात नवल काहीच नाही, कारण आतडे तेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्राची २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. त्या द्रावणात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल असतात. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावातील आशाताईंकडे मिळते. पुडी नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते, येथे चमचा चहाचा. ओआरएसच्या थाटात विकली जाणारी गोड डबाबंद पेये ही त्याची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांत साखर इतकी असते की जठर रिकामे व्हायला उलट वेळ लागतो. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते, पण सोडियम घामाच्या भरपाईला पुरे पडत नाही. मीठ घातलेले पातळ ताक मात्र उत्तम, आणि माझ्या मते आपल्या भागात त्याचा उपयोग व्हावा तितका होत नाही. दूध पचत असेल तर तेही शरीरात साध्या पाण्यापेक्षा जास्त वेळ टिकते.

किती प्यायचे, याचा हिशेब साधा आहे आणि थोडा निराश करणारा आहे. पिताना काही भाग लघवीवाटे जाणारच, म्हणून गेलेल्या प्रत्येक किलोसाठी सव्वा ते दीड लिटर द्रव घ्यावा लागतो. दोन किलो उतरवलेल्याला अडीच ते तीन लिटर लागतील. जठरातून आतड्यात तासाला फार तर एक लिटरच्या आसपास द्रव उतरतो, तोही तब्येत शांत असताना. लढतीच्या धास्तीने हा वेग आणखी घटतो. शेवटचा पाऊण तास पोटात काही डुचमळू नये म्हणून सोडून द्यावा लागतो. म्हणजे तीन तासांपैकी पिण्यासाठी उरतात सव्वादोन, आणि त्यात दीड-दोन लिटरच्या वर सुखाने जात नाही. यावरून उलटा हिशेब केला तर सकाळी वजन देऊन त्याच दिवशी लढणाऱ्या पन्नास किलोच्या खेळाडूने घामावाटे एक किलोच्या वर उतरवू नये, असे दिसते. वाढत्या वयाच्या मुलांनी तेवढेही उतरवू नये. त्यांचा गट त्यांच्या वाढीमागे गेला पाहिजे.

पहिल्या वीस मिनिटांत अर्धा लिटर आणि मग दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, असा क्रम ठेवल्यास जठर सतत थोडे भरलेले राहते आणि रिकामे होण्याचा वेगही चांगला राहतो. बर्फासारखे गार पाणी टाळावे असा शास्त्रीय आग्रह नाही; पोट आवळत असेल तर टाळावे, इतकेच.

आता तर्री-पोहे. त्यातील पोह्यांबद्दल तक्रार नाही. भिजवलेले पोहे हलके असतात, त्यात कोंडा फारसा नसतो आणि पन्नास ग्रॅम कोरड्या पोह्यांतून सुमारे ३८ ग्रॅम कर्बोदके मिळतात. अडचण तर्रीची आहे. तिच्यातील तेलाने जठर रिकामे होणे लांबते, हरभऱ्याने पोटात वायू धरतो आणि झणझणीत तिखटाने उपाशी जठरात जळजळ होते. ठेल्यावर तर्री न घालता पोहे मागणे नागपूरकडे जवळजवळ अपमानास्पद आहे, हे मान्य करूनही त्या सकाळी तसेच मागावे. नुसते मुरमुरे, पिकलेली केळी, गूळ, मऊ भात आणि वरचे पातळ वरण हेही चालेल. ज्वारीची भाकर, झुणका आणि तुरीचे घट्ट वरण हा वर्षभराचा सकस आहार आहे, परंतु त्या तीन तासांत त्यातील तंतू आणि प्रथिने पचनाला मंद करतात. ग्लायकोजेन संपले असल्यास ते तासाला सुमारे ५ ते ७ टक्के या वेगाने भरते, त्यामुळे तीन तासांत पाचव्या हिश्श्याच्या आसपासच परत येईल. त्यासाठीही किलोमागे तासाला एक ग्रॅम कर्बोदके लागतात. म्हणजे पन्नास किलोच्या खेळाडूला तासाला ५० ग्रॅम, जी दोन मध्यम केळ्यांत मिळतात. यावरून आदले दोन दिवस भात-पोळी पूर्ण सोडून काट्यावर जाणाऱ्याचे किती नुकसान होते, हे कळेल.

आपल्या खेड्यांत अशक्तपणावर सलाईन लावून घेण्याची सवय इतकी रुजली आहे की वजन दिल्यावर एखाद्या ओळखीच्या दवाखान्यात जाऊन बाटली चढवून घ्यावी, असे सुचणे स्वाभाविक आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेवाटे घेणे निषिद्ध आहे. रुग्णालयातील खऱ्या उपचाराचा अपवाद सोडला तर त्यात औषध नसले तरी तो गुन्हाच ठरतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही निषिद्ध यादीत आहेत, आणि त्यांनी पाण्यासोबत पोटॅशियमही जाऊन हृदयाची लय बिघडू शकते.

एप्रिल-मे महिन्यांत अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा प्लास्टिकचे जाकीट घालून धावणे हा निव्वळ जिवावरचा खेळ आहे. आपली कोरडी हवा घाम चटकन वाळवते, म्हणून किती गेला हे दिसत नाही. जाकिटाच्या आत मात्र तो वाळतच नाही आणि शरीर थंड होण्याचा मार्ग बंद होतो. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर अशाच रीतीने, तापवलेल्या खोलीत किंवा घाम काढणाऱ्या पोशाखात वजन उतरवताना दगावले आणि तेथील नियम त्यानंतर बदलले गेले.

स्पर्धा दोन-तीन दिवस चालणार असेल तर पिण्या-खाण्याचा हिशेब रात्रीही करावा लागतो, कारण दुसऱ्या सकाळी पुन्हा काटा आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगट यांनी ५० किलो गटात पहिल्या दिवशी तीन लढती जिंकल्या. संध्याकाळी त्यांचे वजन मर्यादेपेक्षा २.७ किलो जास्त भरले आणि रात्रभर खटपट करूनही सकाळी १०० ग्रॅम उरलेच. शरीर सुमारे नऊ ग्रॅम मिठामागे एक लिटर पाणी धरून ठेवते. दुपारी लढतीपूर्वी हाच गुण हवा असतो आणि रात्री तोच आड येतो, म्हणून लढत संपल्यावर पहिल्या तासात मीठ-साखरेचे पाणी आणि भात घ्यावा, सावजी रस्सा, पापड आणि लोणचे मात्र स्पर्धा संपेपर्यंत टाळावे. झोपेत श्वासावाटे, घामावाटे आणि सकाळच्या लघवीवाटे साधारण अर्धा ते एक किलो वजन आपोआप घटते. प्रत्येकाचा हा आकडा वेगळा असतो आणि तो सरावाच्या दिवसांत, रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर वजन करून, आधीच काढून ठेवता येतो.