समुपदेशन मानसशास्त्रात एमए झाल्यावर नोंदणी कुठे करायची: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

समुपदेशन मानसशास्त्रात एमए झालेले विद्यार्थी निकाल हाती आल्यावर बहुधा एकच प्रश्न विचारतात: आता आरसीआयची नोंदणी करायची ना? केवळ या पदवीवर ती नोंदणी मिळत नाही. हे उत्तर खरे तर प्रवेश घेण्याआधीच माहीत असायला हवे, कारण दोन वर्षे आणि घरच्यांनी जमवलेली फी खर्च झाल्यावर ते कळले, तर विद्यार्थ्याचे फार नुकसान होते.

आरसीआय, म्हणजेच भारतीय पुनर्वसन परिषद, 1992 च्या कायद्याने स्थापन झाली असून दिव्यांग व्यक्तींच्या पुनर्वसनाशी निगडित व्यवसायांची नोंद ठेवणे हे तिचे एक मुख्य काम आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक आजारांचे निदान आणि उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ), पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, वाचा व श्रवणतज्ज्ञ अशा व्यवसायगटांची यादी त्या कायद्यातच दिलेली आहे आणि त्या यादीत समुपदेशन मानसशास्त्रज्ञ हा स्वतंत्र गट नाही. याचे कारण या शाखेच्या घडणीत सापडते. फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये बोस्टन येथे तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केले, तिथपासून ही शाखा रुग्णालयापेक्षा शाळा, महाविद्यालय आणि कामाच्या ठिकाणी अधिक वाढली. शिक्षण, करिअर, नातेसंबंध, वियोग अशा प्रसंगी अडखळलेल्या माणसाला आधार देणे, हे तिचे मुख्य क्षेत्र राहिले. तिचे मोल त्यामुळे कमी ठरत नाही, मात्र नोंदणीचा मार्ग वेगळा होतो.

पाटीवर आणि लेटरहेडवर काय लिहावे, हा प्रश्न येथूनच निघतो. आरसीआयच्या नोंदवहीत नाव नसताना त्या यादीतील व्यवसाय करणाऱ्यास कायद्याच्या कलम 13 नुसार एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्येही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आरसीआयमान्य शिक्षणाशी जोडलेली आहे. म्हणून समुपदेशनाची पदवी असलेल्याने 'समुपदेशक' लिहावे, हवे तर पुढे आपली पदवी विषयासह लिहावी. 'क्लिनिकल' हा शब्द मात्र लावू नये.

ज्यांना क्लिनिकल क्षेत्रातच जायचे आहे, त्यांच्यासाठी एमए किंवा एमएस्सी मानसशास्त्रानंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एमफिल हा रूढ मार्ग होता. त्यासाठी पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीय उमेदवारांसाठी 50 टक्के गुणांची अट असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या नियमांनी एमफिल बंद केले, तरी क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना 2025-26 पर्यंत मुदतवाढ दिली. त्यामुळे यापुढे प्रवेश घेणाऱ्याने अभ्यासक्रमाच्या नावावर न जाता, ती संस्था, तो अभ्यासक्रम आणि ते शैक्षणिक वर्ष या तिन्ही गोष्टी आरसीआयच्या मान्यताप्राप्त यादीत आहेत का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. 'आमचा कोर्स आरसीआयच्या धर्तीवर आहे' असे माहितीपत्रकात लिहिलेले असणे म्हणजे मान्यता नव्हे.

असा मान्य अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव घालण्यासाठी परिषदेच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करावा लागतो. जन्मतारखेसाठी दहावीचे प्रमाणपत्र, मान्य अभ्यासक्रमाच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र किंवा दीक्षान्त समारंभ व्हायचा असल्यास तात्पुरते प्रमाणपत्र, ओळखपत्र, छायाचित्र आणि स्वाक्षरी यांच्या स्वच्छ स्कॅन प्रती तयार ठेवाव्यात. आपल्याकडे सर्वाधिक अडचण नावाची येते. दहावीला वडिलांचे नाव, एमएला पतीचे नाव आणि आधारवर तिसरेच स्पेलिंग असेल, तर अर्ज त्रुटीत निघण्याची शक्यता असते. म्हणून विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र अर्ज भरण्याआधीच काढून ठेवावे. नोंदणी कायमची नसते, ती मुदतीत नूतनीकृत करावी लागते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेल्या निरंतर शिक्षण कार्यक्रमांना हजर राहून गुण मिळवावे लागतात. त्या हजेरीची प्रमाणपत्रे पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावावीत.

समुपदेशनातच राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचा कायदा 2021 चा आहे. राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात वर्तनविषयक आरोग्यशास्त्रांचा गट असून, आरसीआयच्या कक्षेतील क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळता मानसशास्त्रज्ञ, तसेच आरोग्यविषयक समुपदेशक त्यात येतात. या कायद्यानुसार राज्य परिषदेने नोंदवही ठेवायची असून, आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणून गणल्या जाण्यासाठी तीन ते सहा वर्षांत विभागलेले किमान 3600 तासांचे शिक्षण अपेक्षित आहे. म्हणून इंटर्नशिपचे तास, पर्यवेक्षकाचे नाव, पद व सही असलेली नोंदवही आजच सुरू करावी. समुपदेशनासाठी आलेल्या व्यक्तीचे नाव त्यात कधीही लिहू नये, केवळ सांकेतिक क्रमांक लिहावा. चार वर्षांनी पर्यवेक्षक शोधून जुन्या तासांवर सही मागणे किती अवघड असते, हे मी विद्यार्थ्यांसोबत अनेकदा अनुभवले आहे. नोंदणीचा अर्ज केवळ आयोगाच्या किंवा राज्य परिषदेच्या अधिकृत पोर्टलवर करावा. 'कौन्सिल' असे नाव लावून पैसे घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या खासगी मंडळाचे सदस्यत्व म्हणजे कायदेशीर नोंदणी नव्हे.

याच कायद्याचा आधार घेऊन अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे नवे प्रवेश थांबवले आहेत. नोकरी सांभाळून घरून एमए करणाऱ्या गृहिणी आणि शिक्षकांना हा निर्णय जड जाणार, हे मान्य करावे लागेल. तरीही समोर बसलेल्या माणसाचे ऐकून घेण्याचे कौशल्य पर्यवेक्षणाशिवाय येत नाही, म्हणून मला तो योग्य वाटतो. आता एखाद्या केंद्राने असा प्रवेश देऊ केला, तर फी भरण्यापूर्वी अनुदान आयोगाची त्या वर्षाची मान्यता लेखी मागावी.

शाळेत समुपदेशक म्हणून नोकरी हवी असल्यास आरसीआय नोंदणी सरसकट लागते, असेही नाही. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांसाठी समुपदेशकाची तरतूद असून मानसशास्त्राची पदवी पात्रतेत धरली जाते. विशेष शिक्षक हे पद मात्र वेगळे आहे आणि त्याला आरसीआय नोंदणी आवश्यक असते. जाहिरातीत ही दोन पदे एकत्र छापलेली असतील, तर आपण कोणत्या पदासाठी अर्ज करत आहोत, ते अर्जात स्पष्ट लिहावे.