ॲक्सलरेटरला ओळख लागते म्हणजे नेमकं काय लागतं?

ठाण्यात किंवा वाशीला स्टार्टअपवाल्यांचा मेळावा भरला की प्रश्नोत्तरांत एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, आमची तर कुणाशीच ओळख नाही. मग ॲक्सलरेटरला अर्ज करून उपयोग काय?" (ॲक्सलरेटर म्हणजे नव्या कंपन्यांची एक तुकडी, म्हणजे बॅच, निवडून तिला काही महिने पैसे आणि मार्गदर्शन देणारी संस्था.) उत्तरंही ठरलेली. मंचावरचा एक जण म्हणतो, ओळखीशिवाय पान हलत नाही. दुसरा म्हणतो, काम चांगलं असेल तर ओळख लागतच नाही. ऐकणारी मुलं आपल्या मनाला पटेल ते उत्तर घेऊन घरी जातात आणि दोन्ही उत्तरं त्यांचं नुकसान करतात. कारण दोघंही वशिला आणि शिफारस या दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजून बोलत असतात.

वशिला कसा असतो हे कुणाला शिकवायला नको. शाळेतला प्रवेश, अडकलेली फाइल, भावाच्या मुलाची नोकरी. सांगणारा किती मोठा, एवढंच तिथे बघितलं जातं. ज्याच्यासाठी सांगितलं तो कसा आहे, हे कुणी विचारत नाही.

ॲक्सलरेटरमध्ये हा प्रकार फारसा चालत नाही. त्यामागचं कारण तत्त्वाचं नाही, पैशाचं आहे. वाय कॉम्बिनेटर हे अमेरिकेतलं नावाजलेलं ॲक्सलरेटर सव्वा लाख डॉलर देऊन कंपनीचा 7 टक्के हिस्सा घेतं आणि वर पावणेचार लाख डॉलर पुढच्या गुंतवणूकदारांना मिळतील त्या अटींवर देतं. हे पैसे परत येतात ते बॅचमधल्या मोजक्या, खूप मोठ्या झालेल्या कंपन्यांमधून. कुणाच्या शब्दाखातर एक कच्ची कंपनी आत घेतली तर पैसे त्यांचेच जातात आणि चांगल्या कंपनीची एक जागाही जाते. ज्याच्या खिशाला थेट चाट बसते, तो दबावाला सहज बळी पडत नाही. म्हणून कुणा नगरसेवकाचं किंवा उद्योगपतीचं पत्र जोडायच्या खटपटीत वेळ घालवू नका. वाचणाऱ्याला त्यातून कंपनीबद्दल काहीच कळत नाही.

आता शिफारस. सगळा घोळ इथे आहे.

समजा, दोघांनी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या आडत्यांसाठी ॲप बनवलंय. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, त्यावर तयार होते आणि उधारीही त्यातच दिसते. अर्जाला आधार म्हणून दोन पत्रं मिळू शकतात. पहिलं एका मोठ्या आयटी कंपनीच्या संचालकाचं, जो यांतल्या एकाच्या काकांचा मित्र आहे. तो लिहितो, "दोघांना मी लहानपणापासून ओळखतो. अत्यंत हुशार आणि होतकरू आहेत." दुसरं पत्र एका साध्या इंजिनिअरचं. तो या दोघांबरोबर आधीच्या नोकरीत होता आणि स्वतःची कंपनी घेऊन त्याच ॲक्सलरेटरमधून गेलाय. तो लिहितो, "पहिल्या आवृत्तीत हमाली, तोलाई, वाराईची कपात चुकत होती. दोघं पहाटेपासून गाळ्यावर बसले, आडत्याच्या मेहताजीकडून हिशेब समजून घेतला आणि आठवड्यात दुरुस्ती केली. आज सहा गाळे रोज वापरतात आणि पैसे देतात."

आपल्याकडे बहुतेकांना पहिलं पत्र भारी वाटतं, कारण सही मोठ्या माणसाची आहे. निवडणाऱ्याच्या लेखी ते कोरं आहे. दुसऱ्या पत्रात मात्र अर्जात न मावणारी माहिती आहे. चूक कळल्यावर ही माणसं काय करतात, किती वेगानं करतात आणि गिऱ्हाइकाजवळ जाऊन बसतात की घरी बसून अंदाज बांधतात, हे सगळं त्यात आलं. सुरुवातीच्या कंपनीकडे दाखवायला आकडे थोडेच असतात. तिथे संस्थापकांना काम करताना पाहिलेल्या माणसाची साक्ष मोलाची ठरते.

म्हणजे प्रश्न 'तुम्ही कुणाला ओळखता' हा नाहीच. तुमचं काम कुणी जवळून पाहिलंय, हा आहे. वशिला घराण्यातून, गावातून, जातीतून येतो. नसला तर नसला. शिफारस मात्र मिळवता येते, कुणालाही. आज ओळखीचं कुणी नसेल तर क्षेत्रातल्या एका अनुभवी माणसाला दर महिन्याला चार ओळी लिहा: काय केलं, काय फसलं, काय बदललं. सहा महिन्यांनी त्याच्याकडे तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काहीतरी नक्की असेल.

आणखी एक फरक. वशिला लावणाऱ्याचं काही जात नाही. शिफारस करणारा स्वतःचं नाव पणाला लावतो. त्यानं पाठवलेल्या दोन कंपन्या कच्च्या निघाल्या की तिसऱ्या वेळी त्याचं पत्र हलकं होतं. म्हणून चांगली माणसं नकार देतात आणि त्या नकाराचा राग धरू नये. लिंक्डइनवर अनोळखी माणसाला "सर, रेफरल द्या ना" असं लिहिणं मला अजिबात पटत नाही. काम न बघता तसं रेफरल देऊन टाकणारेही तितकेच चुकतात.

लोकांची घरं पाहुण्यांना भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीची गोष्ट दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीनं अर्धीच सांगतात. वाय कॉम्बिनेटरच्या 2009 च्या हिवाळी बॅचसाठी त्यांचा अर्ज मुदत उलटल्यावर गेला आणि तो बघितला जावा म्हणून मायकल सायबेल यांनी शब्द टाकला. सायबेल स्वतः वाय कॉम्बिनेटरमधून गेलेले आणि या संस्थापकांना सल्ला देत असलेले, म्हणजे काम पाहिलेला माणूस. पण मुलाखतीत वाय कॉम्बिनेटरचे संस्थापक पॉल ग्रॅहम यांना कल्पना काही रुचली नाही. पारडं फिरलं ते संस्थापकांनी कर्ज फेडण्यासाठी अमेरिकेतल्या निवडणुकीच्या काळात विकलेल्या नाश्त्याच्या सीरिअलच्या खोक्यांमुळे. एवढी चिकाटी असलेली माणसं टिकतील, असं ग्रॅहम यांना वाटलं. शिफारशीनं अर्ज टेबलावर आला. पुढची मुलाखतीची दहा मिनिटं त्यांची त्यांनाच निभवावी लागली.

इन्क्युबेटर आणि ॲक्सलरेटर यांतला फरक या प्रश्नापुरता किरकोळ आहे: पहिल्यात जागा आणि लांबचा सहवास, दुसऱ्यात साधारण तीन महिन्यांची बॅच आणि शेवटी गुंतवणूकदारांसमोर सादरीकरण. केंद्र सरकारच्या 2021 साली सुरू झालेल्या सीड फंड (सुरुवातीच्या भांडवलाच्या) योजनेत तर अर्ज पोर्टलवरून, पसंतीचे तीन इन्क्युबेटर निवडून करता येत असे, आणि पुढे समितीसमोर मांडणी. स्टार्टअपमध्ये मोठे पैसे गुंतवणाऱ्या व्हेंचर फंडांकडे मात्र ओळखीतून झालेली भेट बरीच जास्त उपयोगी पडते. तिथला अनुभव इथे लावू नका.

तरीही एका ठिकाणी ओळखीचा फायदा खरा आहे आणि तो अन्यायाचाही आहे. पवईच्या आयआयटीतल्या मुलाला निवड झालेला सीनियर हॉस्टेलमध्येच भेटतो. तो मसुदा वाचतो, रटाळ वाक्यं खोडतो, मुलाखतीचा सराव घेतो. ऐरोलीच्या किंवा घोडबंदर रोडच्या कॉलेजातल्या मुलीला हे कोण सांगणार? वाय कॉम्बिनेटरच्या अर्जात कंपनी काय करते ते पन्नास अक्षरांत लिहायचं असतं. तिथे "कृषी बाजारपेठेच्या सक्षमीकरणासाठी एआय-आधारित परिसंस्था" यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. "आडत्यांची पट्टी मोबाइलवर" यातून सगळं कळतं. इंग्रजीत लिहितानाही इतकंच साधं लिहावं. संस्थापकांचा एक मिनिटाचा व्हिडिओही लागतो. त्यात पार्श्वसंगीत आणि लोगो नको, समोर बसून बोलणारी माणसं हवीत.

म्हणून निवड झालेल्या माणसाकडे पत्र मागायच्या आधी मसुद्यावर वीस मिनिटं मागा. असं मागितलं तर बरेच जण आनंदानं देतात. शिफारस मागायचीच असेल तर आधी त्याला थेट विचारा, "आमच्या कामातलं तुम्ही स्वतः पाहिलेलं काय लिहाल?" तो अडखळला तर आभार माना आणि अर्ज शिफारशीशिवाय पाठवा, मुदतीच्या आत.