वायफाय कार्ड, फर्मवेअर आणि डेबियनचं मतदान: पार्श्वभूमी

दर्यापूर, आर्णी, धानोरा अशा तालुक्याच्या गावांत लिनक्स (विंडोजऐवजी वापरायची मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायला येणारा लॅपटॉप बहुधा जुनाच असतो, एखाद्या ऑफिसातून निघून नागपूर-अमरावतीच्या बाजारमार्गे आलेला. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, विंडोज १० चे ऑक्टोबर २०२५ मध्ये. लिनक्स टाकलं की स्क्रीन, आवाज, टचपॅड सगळं चालतं, वायफायच्या यादीत मात्र एकही नाव दिसत नाही.

भारतात वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. तेव्हा अनेक चिप कंपन्या लिनक्ससाठी ड्रायव्हर (प्रणालीला चिप वापरता यावी म्हणून लागणारा प्रोग्रॅम) देत नव्हत्या आणि चिपचे तपशीलही सांगत नव्हत्या. त्यामुळे एनडिसरॅपर नावाचं साधन वापरून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवला जाई. दुसरा मार्ग कष्टाचा होता. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपांसाठी एका गटाने बंद, म्हणजे मूळ कोड (सोर्स) न दिलेला, ड्रायव्हर उलगडून चिप कशी चालते ते लिहून काढलं आणि दुसऱ्या गटाने फक्त त्या टिपणांवरून नवा ड्रायव्हर लिहिला. तो २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलच्या २.६.१७ आवृत्तीत, आला आणि २००८ च्या जानेवारीत, २.६.२४ मध्ये, त्याची जागा बी४३ या नव्या ड्रायव्हरने घेतली. हे काम फुकट करणाऱ्यांचे उपकार आजही हजारो जुने लॅपटॉप वागवत आहेत.

ड्रायव्हर खुला झाला, पण फर्मवेअर, म्हणजे कार्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम, कंपनीकडेच राहिलं. ड्रायव्हर आपल्या प्रोसेसरवर चालतो, फर्मवेअर कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरवर. यातल्या बऱ्याच कार्डांवर ते कायमचं साठवलेलं नसतं, म्हणून कार्ड सुरू होताना ड्रायव्हरला ते दरवेळी चढवावं लागतं. फाइल सापडली नाही की ड्रायव्हर अगदी बरोबर असूनही कार्ड मुकं राहतं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीत, फर्मवेअर लोड झालं नाही असं स्पष्ट लिहिलेलं असताना लोक नवनवे ड्रायव्हर शोधत बसतात, ते यामुळेच.

खरा वाद इथून सुरू झाला. डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार, स्वयंसेवकांनी चालवलेला. त्याच्या फेब्रुवारी २०११ च्या डेबियन ६ या आवृत्तीत कर्नलमधलं बंद फर्मवेअर काढून वेगळ्या विभागात ठेवलं गेलं. अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नव्हतं. ज्या कोडचा सोर्स मिळत नाही तो मुक्त प्रणालीचा भाग म्हणून द्यायचा नाही, ही भूमिका तत्त्वाला धरून होती. पण तिची किंमत सगळ्यांना सारखी पडली नाही. शहरात राउटरची वायर लावून फर्मवेअर उतरवता येई. गावात लँडलाइनवरचं ब्रॉडबँड मोजक्याच घरी, मग वायफाय चालू करायला नेट हवं आणि नेटसाठी वायफाय. फर्मवेअर घातलेली अनधिकृत इमेज (इन्स्टॉलरची उतरवून घ्यायची फाइल) उपलब्ध होती, पण ती संकेतस्थळावर आडबाजूला, आणि नवख्याला ती आहे हेच ठाऊक नसे.

अकरा वर्षांनी, २०२२ मध्ये, डेबियनच्या सदस्यांनी मतदान केलं. प्रकल्पाच्या मूळ करारात (सोशल कॉन्ट्रॅक्टमध्ये) बदल करायचा म्हणून तीनास एक असं बहुमत लागणार होतं, ते मिळालं. बंद फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच द्यायचं आणि इमेज एकच ठेवायची, असं ठरलं. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते लागू झालं. ज्यांना फर्मवेअर नको त्यांना ते इन्स्टॉल करतानाच बंद करता येतं. हा निर्णय आधीच व्हायला हवा होता.

दरम्यान २०१६ नंतर ४जी स्वस्त झालं आणि यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणं, सोपं झालं. फोन केबलने जोडला की लिनक्सला तो वायरचं कार्ड वाटतो आणि त्यासाठी वेगळं फर्मवेअर लागत नाही. २०१९ मध्ये रिअलटेकच्या चिपांचा आरटीडब्ल्यू८८ हा ड्रायव्हर कर्नलमध्ये आल्यावर स्वस्त लॅपटॉपमधल्या बऱ्याच चिपांची सोय हळूहळू झाली. त्याआधी त्यांचे ड्रायव्हर बाहेरून आणून बांधावे (कंपाइल करावे) लागत. कर्नल अपडेट झालं की ते पुन्हा बांधायचे, आणि सिक्युअर बूट (फक्त डिजिटल सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर चढतच नाही.

बी४३ च्या कार्डांचा प्रश्न मात्र २०२३ नंतरही सुटलेला नाही. त्यांचं फर्मवेअर वाटण्याची परवानगी कंपनीने दिलेली नाही, म्हणून ते डेबियन १२ च्या इमेजमध्येही नाही. फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर हे पॅकेज ते नेटवरून उतरवून घेतं, आणि त्या वेळी फोनची केबल जोडलेली असावी लागते.