परभणीचं पेट्रोल महाग का, आणि आंदोलनानं ते स्वस्त कधी झालं?

10 सप्टेंबर 2018 ला काँग्रेसनं इंधन दरवाढीविरुद्ध भारत बंद पुकारला, तेव्हा परभणीत पेट्रोल लिटरमागे नव्वद रुपयांना टेकलं होतं. देशातल्या सगळ्यात महाग पेट्रोलच्या गावांत परभणीचं नाव रोज येत होतं. मोर्चे निघाले, दुकानं बंद राहिली. त्याच दिवशी सकाळी सहा वाजता भाव आणखी काही पैशांनी वाढला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढला. पुढं 2021 च्या मे महिन्यात परभणीत साध्या पेट्रोलनं शंभरी ओलांडली आणि एप्रिल 2022 मध्ये ते 123 रुपयांच्याही वर गेलं.

गाडीवाल्यांनी रस्त्यावर उतरावं का, हा प्रश्न मराठवाड्यात म्हणूनच दर दरवाढीला निघतो. उतरावं, असंच माझं मत आहे. पण गेल्या पन्नास वर्षांतली आंदोलनं पाहिली तर बहुतेकदा राग खरा होता आणि पत्ता चुकलेला होता.

परभणीला इंधन येतं ते मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंमधून. मुंबईच्या रिफायनरीपासून मनमाडपर्यंत पाइपलाइन आहे, त्यामुळं तिथवर तेल स्वस्तात पोचतं. तिथून पुढं मात्र टँकर. संभाजीनगर, जालना मागं टाकत तीनशेच्या आसपास किलोमीटर. हे भाडं पंपावरच्या भावात चढतं, आणि राज्याचा व्हॅट टक्केवारीनं लागत असल्यानं त्या भाड्यावरही कर बसतो. डेपोपासून लांब राहणारा माणूस भाडं भरतो आणि भाड्यावरचा करही भरतो. व्हॅटचा दर तर परभणीत कमीच होता: मुंबई, ठाणे, नवी मुंबई, अमरावती आणि औरंगाबाद शहरांत पेट्रोलवर 26 टक्के, उरलेल्या राज्यात 25 टक्के. तरीही परभणी सगळ्यांच्या पुढं. लातूर-धाराशिवला निदान सोलापूरजवळचा पाकणीचा डेपो जवळ पडतो. संभाजीनगरच्या बाजूला डेपो झाला तर आमचा भाव उतरेल, असं परभणीचे पंपचालक सांगत आले आहेत. पंपावरच्या पोराशी हुज्जत घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. भाव ठरवणं त्याच्या मालकाच्याही हातात नाही. 31 मे 2022 ला पंपचालकांनीच कमिशनसाठी कंपन्यांकडून एक दिवस माल उचलला नव्हता. त्यांचं कमिशन 2017 पासून वाढलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मराठवाड्याला जास्त लागायला हवी. 1 ऑक्टोबर 2015 पासून राज्य सरकारनं पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे 2 रुपये अधिभार लावला. कारण सांगितलं दुष्काळाचं. दारू, सिगारेट, सोन्यावरचा करही तेव्हाच वाढवला आणि त्या आर्थिक वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत सुमारे 1,600 कोटी रुपये उभे करायचे ठरलं. दुष्काळ खरा होता. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या पैशाला कुणाची ना नव्हती. पण पाऊस परत आला तरी अधिभार उतरला नाही. उलट तो वाढतच गेला. एप्रिल 2017 मध्ये तो पेट्रोलवर 6 रुपयांवरून 9 रुपये झाला, कारण महामार्गालगतची दारूची दुकानं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं बंद झाली आणि राज्याचा महसूल घटला होता. मराठवाड्याच्या दुष्काळाच्या नावानं उघडलेल्या खात्यातून दारूच्या बुडालेल्या महसुलाची भरपाई झाली, आणि भरली मराठवाड्यातल्या मोटारसायकलवाल्यानंसुद्धा. यावर या भागात मोठं आंदोलन उभं राहायला हवं होतं.

ते का राहिलं नाही, याचं उत्तर भाव ठरवण्याच्या पद्धतीत आहे.

पूर्वी भाव सरकार ठरवायचं आणि जाहीरही करायचं. 1973 च्या तेलसंकटात पेट्रोल महागलं, तेव्हा नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. निर्णय कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून बैलगाडी कुठं न्यायची हेही ठाऊक होतं. एप्रिल 2002 मध्ये सरकारी दरनियंत्रण कागदोपत्री संपलं. व्यवहारात कंपन्या सरकारच्या होकाराशिवाय हलत नव्हत्या. जून 2010 मध्ये पेट्रोल बाजारावर सोडलं आणि 5 जुलैला भारत बंद झाला. मे 2012 मध्ये एका फटक्यात साडेसात रुपयांच्या आसपास वाढ झाली, 31 मे ला पुन्हा बंद. त्यानंतर थोड्याच दिवसांत दोनेक रुपये उतरले, पण कंपन्यांनी कारण दिलं आंतरराष्ट्रीय भावाचं. डिझेल 2013 पासून महिन्याला पन्नास-पन्नास पैशांनी चढवत नेलं आणि ऑक्टोबर 2014 मध्ये तेही मोकळं केलं.

16 जून 2017 पासून भाव रोज सकाळी सहाला बदलू लागला, आणि रागाला तारीखच उरली नाही. आज 14 पैसे, उद्या 23 पैसे. साडेसात रुपयांवर माणूस चिडतो, 23 पैशांवर मोर्चा निघत नाही. शिवाय आपल्याकडं दुचाकीवाला लिटर सांगत नाही, 'शंभरचं टाक' म्हणतो. खिशातून जातात ते शंभरच, टाकीत पडतं कमी, आणि ते कळतं चार दिवसांनी, गाडी रिझर्व्हला लागल्यावर.

कराचा भाग याच काळात फुगला. 2014 च्या मे महिन्यात केंद्राचं अबकारी शुल्क पेट्रोलवर लिटरमागे 9.48 रुपये होतं, डिझेलवर 3.56. कच्चं तेल उतरत गेलं तसं ते वाढवत नेलं. मे 2020 मध्ये, टाळेबंदीत, एका रात्रीत पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये वाढले आणि शुल्क 32.98 आणि 31.83 वर गेलं. पंपावरचा भाव त्या रात्री हलला नाही, कारण कच्चं तेल कोसळलेलं होतं. स्वस्ताई आपल्यापर्यंत आलीच नाही, आणि न आलेल्या स्वस्ताईविरुद्ध कुणी रस्त्यावर उतरलं नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी संधी तिथं हुकली.

भाव खाली आले किंवा थांबले ते केव्हा, हेही नोंदलेलं आहे. 2018 मध्ये कर्नाटकच्या निवडणुकीआधी 19 दिवस भाव गोठले आणि मतदान होताच चढू लागले. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला केंद्रानं कर दीड रुपयानं कमी केला, एक रुपया कंपन्यांना सोसायला लावला आणि महाराष्ट्रानं अडीच रुपये उतरवले. राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या निवडणुका तोंडावर होत्या. नोव्हेंबर 2021 पासून उत्तर प्रदेशाचा निकाल लागून जाईपर्यंत साडेचार महिने भाव जागचा हलला नाही. मग 22 मार्च 2022 पासून सोळा दिवसांत दहा रुपये वाढले.

बंद आणि मोर्च्यांपेक्षा चाकं थांबवणाऱ्यांचं वजन जास्त पडलं. सप्टेंबर 2000 मध्ये ब्रिटनमध्ये शेतकरी आणि मालवाहतूकदारांनी रिफायनऱ्यांच्या फाटकावर ठिय्या दिला, आठवड्याभरात पंप कोरडे पडले आणि नोव्हेंबरात सरकारला इंधनकरावर नमतं घ्यावं लागलं. आपल्याकडं जुलै 2018 मध्ये मालवाहतूकदारांचा संप आठ दिवस चालला, पण डिझेल जीएसटीत आणण्याची मागणी तशीच राहिली. जानेवारी 2024 चा अनुभव वेगळा आहे. मागणी इंधनदराची नव्हती. अपघात करून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या नव्या कलमाविरुद्ध टँकरचालक थांबले, पानेवाडीतून टँकर निघेनात, आणि मराठवाड्यात पंपांवर रात्रीपर्यंत रांगा लागल्या. कुणी बाटल्या घेऊन उभं, कुणी बंद पडलेली गाडी ढकलत आणलेली. केंद्रानं लगेच चर्चेचं आश्वासन दिलं, आणि 1 जुलै 2024 ला नवे कायदे लागू झाले तेव्हा भारतीय न्याय संहितेतलं ते 106(2) कलम तेवढं बाजूला ठेवलं.

साध्या गाडीवाल्याकडं अशी पकड नाही. 'एक दिवस पेट्रोल भरू नका' हे आवाहन दर वेळी फिरतं आणि दुसऱ्या दिवशी पंपावर दुप्पट गर्दी होते. ज्याला कामावर जायचंय तो जाणारच. एसटीकडं वळावं तर तिचंही डिझेलच: 26 ऑक्टोबर 2021 पासून तिकीट 17.17 टक्क्यांनी वाढलं, आणि त्याच सुमाराला संप सुरू होऊन गाड्या कित्येक महिने आगारात उभ्या राहिल्या. गाव तेव्हा काळीपिवळी आणि दुचाकीवर आलं, तेही पेट्रोल एकशे दहाच्या पुढं असताना. नांगरणी, रोटाव्हेटर, मळणी सगळं ट्रॅक्टरवर गेल्यानं डिझेलचा रुपया एकराच्या दरात उतरतो, ज्याच्या दारात गाडी नाही त्याच्याही.

एक आंदोलन मात्र कुणी न पुकारता चालू असतं. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राच्या कपातीवर कर्नाटकनं आपले सात रुपये उतरवले, महाराष्ट्रानं तेव्हा काही केलं नाही. सीमेलगतच्या उमरगा, देगलूरकडच्या गाड्या पलीकडं टाकी भरू लागल्या. तिकडं भरलेल्या प्रत्येक लिटरचा व्हॅट मुंबईच्या तिजोरीतून जातो. राज्याचा हात पुढं जुलै 2022 मध्ये हलला: पेट्रोल 5, डिझेल 3 रुपयांनी उतरलं.

म्हणून मागणी 'दरवाढ मागे घ्या' एवढीच राहिली तर केंद्र राज्याकडं बोट दाखवतं आणि राज्य केंद्राकडं. इंधन जीएसटीत आणायची तरतूद घटनेत 2016 पासून आहे. सप्टेंबर 2021 च्या लखनौ बैठकीत जीएसटी परिषदेनं ती वेळ अजून आली नाही असं ठरवलं, आणि महसूल सोडायला कुठलंच राज्य राजी नाही. मराठवाड्यानं मागायचं ते नेमकं आहे: दुष्काळाच्या नावानं सुरू झालेल्या अधिभाराचा रुपयान् रुपयाचा हिशेब, भाड्यावर लागणारा व्हॅट रद्द, आणि मराठवाड्यात डेपो. मागायची जागा विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन. जून 2024 च्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा व्हॅट पेट्रोलवर 26 वरून 25 आणि डिझेलवर 24 वरून 21 टक्के केला, राज्यभर दर समान व्हावा म्हणून. त्यानं मुंबईत डिझेल दोन रुपयांनी स्वस्त झालं. परभणीचा भाव त्या निर्णयानं एका पैशानंही उतरला नाही.