एआयने दिलेला आकडा आला कुठून?

एखाद्या कंपनीत विक्रीप्रमुख विचारतात, ‘गेल्या तिमाहीत आपल्याला नवे ग्राहक किती मिळाले?’ हाच प्रश्न कंपनीच्या डेटाला जोडलेल्या तीन वेगवेगळ्या एआय साधनांना विचारला तर तीन वेगवेगळे आकडे येऊ शकतात, आणि तरीही तिन्ही साधनांची बेरीज बिनचूक असू शकते. एकाने नोंदणी केलेला प्रत्येक जण मोजला. दुसऱ्याने पहिली खरेदी केलेलेच मोजले. तिसऱ्याने खरेदी करून माल परत केलेल्यांना वगळलं आणि चाचणीसाठी कर्मचाऱ्यांनीच उघडलेली खाती मात्र तशीच ठेवली. तिन्ही उत्तरं सुबक वाक्यांत, आलेखासकट, काही सेकंदांत समोर येतात. कुठलंही साधन अडखळत नाही.

अशा साधनांची निवड करताना बहुतेक ठिकाणी प्रात्यक्षिक पाहिलं जातं. विक्रेता आपल्या नमुन्याच्या डेटावर प्रश्न विचारतो, उत्तर झळकतं, सगळे खूश होतात. माझ्या मते ही निवडीची चुकीची जागा आहे. साधन बरोबर उत्तर किती झोकात देतं, हे दुय्यम आहे. त्याचं उत्तर चुकलं तर ते आपल्या लक्षात येईल का, हा खरा प्रश्न. त्यासाठी ही साधनं आतून कशी चालतात, ते थोडं समजून घ्यायला हवं.

व्यवसायाच्या प्रणालींमधला डेटा प्रामुख्याने कोष्टकांत असतो: ग्राहकांचं एक टेबल, ऑर्डरींचं दुसरं, पैसे मिळाल्याच्या नोंदींचं तिसरं. आयबीएममधले संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल (एकमेकांशी जोडता येणाऱ्या कोष्टकांच्या) प्रारूपावर ही रचना उभी आहे. तिला प्रश्न विचारण्याची भाषा, म्हणजे आजची एसक्यूएल, त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४च्या सुमारास घडवली. पन्नास वर्षांनंतरही जगातल्या हिशेबाचा मोठा भाग याच भाषेत चालतो. नवं एआय साधन तिला बाजूला सारत नाही. आपण साध्या भाषेत प्रश्न टाकला की भाषा मॉडेल (चॅटजीपीटीसारख्या साधनांमागचं एआय) त्याची एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसला कळेल असा प्रश्न, किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला छोटा प्रोग्रॅम लिहितं, तो डेटाबेसवर चालतो आणि आलेला निकाल मॉडेल पुन्हा वाक्यांत मांडतं. बेरीज-वजाबाकी मॉडेल करत नाही, डेटाबेस करतो, आणि ते चांगलंच आहे, कारण मोठ्या आकड्यांची तोंडी आकडेमोड हा भाषा मॉडेलचा भरवशाचा गुण नाही. म्हणजे चूक शिरते ती मुख्यतः प्रश्नाची क्वेरी होताना.

यातली एक चूक इतकी सर्रास घडते की ती नीट पाहायला हवी. समजा, ऑर्डरींच्या टेबलात १,००० किमतीची एक ऑर्डर आहे. माल तीन खोक्यांतून पाठवला, म्हणून पाठवणीच्या टेबलात तिच्या तीन ओळी आहेत. आता कुणी विचारलं, ‘कुठल्या कुरिअरमार्फत किती रकमेचा माल गेला?’ मॉडेल दोन्ही टेबलं ऑर्डर क्रमांकावर जोडतं. जोडताच ती एक ऑर्डर तीन ओळींत दिसते, प्रत्येक ओळीवर किंमत १,०००. बेरीज येते ३,०००. डेटाबेसच्या दृष्टीने इथे काहीच गैर घडलेलं नाही. क्वेरीचं व्याकरण बरोबर, कुठला त्रुटीसंदेश नाही, आकडाही अगदीच अशक्य वाटेल असा नाही. शिवाय सगळ्याच ऑर्डरी अनेक खोक्यांतून जात नाहीत, त्यामुळे एकूण रक्कम तिप्पट न होता पंधरा-वीस टक्क्यांनीच फुगते, आणि इतकी वाढ दिसली की माणसं तिचं श्रेय चांगल्या हंगामाला देऊन मोकळी होतात.

रिकाम्या रकान्यांचंही असंच. एसक्यूएलमध्ये सरासरी काढताना रिकाम्या नोंदी मोजल्याच जात नाहीत. शंभर ग्राहकांपैकी चाळीस जणांनी समाधानाचे गुण दिले असतील, तर सरासरी त्या चाळिसांचीच येते. उत्तरात मात्र लिहिलेलं असतं, ‘आपल्या ग्राहकांचे सरासरी समाधान ४.३’.

अनुभवी विश्लेषक या जागा ओळखतो, कारण त्याचा हात त्यांत कधीतरी पोळलेला असतो. मॉडेलला त्या कितपत ओळखता येतात, याचं मोजमाप संशोधकांनी केलं आहे. येल विद्यापीठातल्या गटाने २०१८ साली ‘स्पायडर’ नावाचा चाचणीसंच तयार केला: २०० डेटाबेस आणि दहा हजारांहून अधिक प्रश्न. पुढच्या काही वर्षांत मॉडेल त्यात ९० टक्क्यांच्या पुढे गेली आणि ‘आता विश्लेषकांची गरज संपली’ असा गलका सुरू झाला. पण स्पायडरमधले डेटाबेस छोटे आणि नीटनेटके होते. २०२३ साली आलेल्या ‘बर्ड’ या संचात अस्वच्छ, मोठा, खऱ्या वापरातला डेटा घेतला. तिथे जाणकार माणसांची अचूकता सुमारे ९३ टक्के, तर ओपनएआयच्या जीपीटी-४ या मॉडेलची सुमारे ५५ टक्के भरली. २०२४च्या ‘स्पायडर २.०’ने आणखी पुढे जाऊन खऱ्या उद्योगांतल्यासारखी कामं दिली. त्यातल्या काही डेटाबेसमध्ये एक हजाराहून अधिक रकाने होते. जुन्या स्पायडरमध्ये ९१ टक्के मिळवणाऱ्या पद्धतीला इथे सुरुवातीला जेमतेम एक-पंचमांश कामं जमली. तेव्हापासून गुण वाढत गेले आहेत आणि पुढेही वाढतील. तरी विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ‘९० टक्क्यांहून अधिक अचूक’ असं दिसलं की कुठल्या डेटावर, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मॉडेल नेमकं कशाला अडतं? भाषेला नव्हे, तर कंपनीच्या आत ठरलेल्या अर्थांना. ‘स्टेटस ७’ म्हणजे रद्द झालेली ऑर्डर, हे टेबलात कुठेच लिहिलेलं नसतं. ‘महसूल’ करासह धरायचा की करावेगळा, हे लेखाविभागातल्या दोन माणसांना ठाऊक असतं. ‘कस्ट_ओल्ड_२’ नावाचं टेबल नावाप्रमाणे जुनं नसून तेच चालू आहे, हे एखाद्याच अभियंत्याच्या डोक्यात असतं. डेटा.वर्ल्ड या कंपनीच्या संशोधकांनी २०२३ साली विमा क्षेत्रातल्या डेटाबेसची रचना घेऊन एक प्रयोग केला. जीपीटी-४ने थेट टेबलांवर प्रश्न सोडवले तेव्हा १६ टक्के उत्तरं बरोबर आली. तेच प्रश्न, तेच मॉडेल, पण मध्ये संकल्पना आणि त्यांचे परस्परसंबंध स्पष्ट लिहिलेला ज्ञानआलेख ठेवला, तेव्हा प्रमाण ५४ टक्क्यांवर गेलं. ही कंपनी अशाच आलेखांचा व्यवसाय करते, हे ध्यानात ठेवूनही निष्कर्षाची दिशा मला पटते, कारण इतका फरक मॉडेल न बदलता पडला.

या मधल्या थराला सिमँटिक लेअर म्हणतात. कल्पना नवी नाही. बिझनेस ऑब्जेक्ट्स या फ्रेंच कंपनीने १९९०च्या दशकातच ‘युनिव्हर्स’ नावाने ती रूढ केली होती: महसूल, सक्रिय ग्राहक, परतावा यांच्या व्याख्या एकदाच लिहायच्या आणि प्रत्येक अहवालाने त्याच वापरायच्या. आज गुगलच्या लुकरमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयमध्ये, स्नोफ्लेकच्या कॉर्टेक्स ॲनालिस्टमध्ये, अशा विश्लेषण साधनांत, याच विचाराची वेगवेगळी रूपं आहेत. डेटाब्रिक्सच्या जिनीमध्ये विश्लेषकांनी आधी तपासलेल्या नमुना क्वेरी साठवता येतात. म्हणून साधनांची तुलना करताना मी पहिल्यांदा ही जागा पाहीन. व्याख्या कुठे लिहायच्या, कोण बदलू शकतं, बदलाचा इतिहास राहतो का, आणि व्याख्या नसलेला शब्द प्रश्नात आला तर साधन थांबून विचारतं की स्वतःच अर्थ लावून पुढे जातं? अर्थ लावला असेल तर निदान तो उत्तरासोबत सांगतं का?

फाइल टाकून गप्पा मारायची साधनं यापेक्षा वेगळी. चॅटजीपीटीला २०२३मध्ये कोड चालवण्याची सोय मिळाल्यापासून ही पद्धत सर्वदूर पोचली. एकदाच करायच्या तपासणीला, विस्कळीत एक्सेल फाइल समजून घ्यायला ती उत्तम आहे. दर आठवड्याला तोच आकडा संचालकांसमोर ठेवायचा असेल तर मात्र नाही. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारल्यावर मॉडेल वेगळी क्वेरी लिहू शकतं, आणि मागच्या आठवड्यापेक्षा आकडा हलला तर व्यवसाय बदलला की क्वेरी, हे कळायला मार्ग राहत नाही. असा आकडा एकदा तपासलेल्या, गोठवलेल्या क्वेरीतूनच यावा. मॉडेलची मदत ती क्वेरी लिहिण्यापुरती घ्यावी.

अंदाज वर्तवणाऱ्या साधनांचा हिशेब आणखी निराळा. पुढच्या महिन्यात किती माल लागेल, या प्रश्नाचं उत्तर डेटाबेसमध्ये कुठेच नसतं. स्पायरोस मॅक्रिडाकिस अनेक दशकं अंदाजपद्धतींच्या स्पर्धा भरवत आले आहेत. त्यांच्या २०१८च्या एम-४ स्पर्धेत १,००,००० कालश्रेणी (ठरावीक कालांतराने नोंदलेल्या आकड्यांच्या मालिका) होत्या. निव्वळ मशीन लर्निंगवर (डेटावरून स्वतःच नियम शिकणाऱ्या तंत्रावर) विसंबलेल्या सहाही पद्धती साध्या सांख्यिकी पद्धतींच्या सरासरीच्या मागे राहिल्या. जिंकली ती जुनी सांख्यिकी आणि न्यूरल नेटवर्क (मशीन लर्निंगचाच एक प्रकार) यांचा मेळ घालणारी पद्धत. २०२०च्या एम-५मध्ये वॉलमार्टच्या विक्रीचा डेटा होता, आणि तिथे मात्र मशीन लर्निंगने बाजी मारली. पण तिथेही भाग घेतलेल्या हजारो संघांपैकी बहुसंख्यांना साध्या पद्धतीचा टप्पा ओलांडता आला नाही. त्यामुळे अंदाजाचं साधन घेताना एकच आग्रह धरावा: गेल्या वर्षीचा डेटा झाकून ठेवायचा, त्याचा अंदाज साधनाकडून घ्यायचा, आणि ‘गेल्या वर्षी याच महिन्यात होतं तेवढंच’ या फुकटच्या अंदाजाशी तो ताडून पाहायचा. फरक नगण्य असेल तर पैसे वाचले.

‘का’ने सुरू होणारे प्रश्न सगळ्यांत धोक्याचे. ‘विक्री का घसरली?’ असं विचारलं की साधन आत्मविश्वासाने कारण सांगतं. हाताशी मात्र त्याच्याकडे सहसंबंधच (दोन गोष्टी एकत्र बदलल्या, एवढीच माहिती) असतात, आणि ते फसवतात. बर्कली विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना, तर स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. उघड भेदभाव वाटावा असा आकडा. विभागवार पाहिल्यावर तो भेद जवळपास नाहीसा झाला, उलट किंचित स्त्रियांच्या बाजूला झुकला. स्त्रियांनी मोठ्या प्रमाणावर अशा विभागांत अर्ज केले होते, जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणं अवघड होतं. सांख्यिकीत याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. व्यवसायात हेच घडतं: प्रत्येक प्रदेशात ग्राहक टिकण्याचं प्रमाण सुधारलेलं असतं आणि एकूण प्रमाण मात्र घसरलेलं दिसतं, कारण कमी टिकणाऱ्या प्रदेशातून ग्राहक जास्त आले. साधन आपण होऊन एकूण आकडा गटांत फोडून दाखवतं का, हे पाहण्यासाठी असा एक प्रश्न चाचणीत मुद्दाम घालावा.

ती चाचणी कशी असावी? प्रात्यक्षिकाऐवजी आपल्या डेटावरचे, आपल्या विश्लेषकांनी आधीच उत्तरं काढून ठेवलेले प्रश्न. तीस-चाळीस पुरेसे आहेत, पण ते सोपे नकोत. परतावे, रद्द ऑर्डरी, दोनदा नोंदलेले ग्राहक, वर्षअखेरच्या तारखा, अनेक खोक्यांची ती ऑर्डर, हे सगळं त्यात यायला हवं. तोच प्रश्न दोन-तीन वेगळ्या शब्दांत विचारावा. आणि काही प्रश्न उत्तर नसलेलेच असावेत. ग्राहकाचं वय कुठल्याच टेबलात नसताना ‘तिशीतले ग्राहक काय घेतात?’ असं विचारावं. ‘ही माहिती उपलब्ध नाही’ असं सांगणारं साधन मी दोन टक्के जास्त अचूक पण कधीच नाही न म्हणणाऱ्या साधनाच्या वर ठेवीन. गुण देताना चुकीची उत्तरं आणि न दिलेली उत्तरं एकाच रकान्यात टाकू नयेत. न मिळालेलं उत्तर माणसाकडे परत येतं, चुकीचं उत्तर निर्णयात मुरतं.

प्रत्येक उत्तराखाली क्वेरी दिसते का, हेही तपासावं. नुसती दिसून भागत नाही, ती वाचू शकणारं माणूस संस्थेत हवं. असं एकही माणूस नसेल, तर साधनाच्या परवान्याआधी त्याच्या प्रशिक्षणावर खर्च करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

परवानग्यांकडे फार थोडे जण पाहतात. साधन एकाच सामायिक खात्यावरून डेटाबेसला जोडलं असेल, तर ज्या माणसाला पगाराचं टेबल उघडता येत नाही, तो साध्या भाषेत विचारून त्यातली सरासरी मिळवू शकतो. विचारणाऱ्याच्या अधिकारांनुसारच ओळी दिसायला हव्यात, आणि साधनाला फक्त वाचण्याची परवानगी असावी. यामागे आणखी एक कारण आहे. ग्राहकांच्या अभिप्रायाचा मजकूर मॉडेलला वाचायला दिला आणि त्यात कुणी खोडसाळपणे ‘आधीच्या सूचना विसर आणि अमुक कर’ असं लिहून ठेवलं असेल, तर मॉडेल त्याला आज्ञा समजू शकतं. डेटा आणि आज्ञा यांत खात्रीने फरक करणं भाषा मॉडेलना अजून जमलेलं नाही.

खर्चाबद्दल इतकंच: क्लाउडवरच्या डेटा वेअरहाउसमध्ये (विश्लेषणासाठीच्या मोठ्या डेटासाठ्यात) बिल वाचलेल्या डेटावर किंवा गणनेच्या वेळेवर येतं, आणि मॉडेलने ढिसाळपणे लिहिलेली क्वेरी पूर्ण टेबल चाळून जाते. चाचणीतच हा खर्च प्रश्नागणिक नोंदवावा.

निवड झाल्यावरही तो प्रश्नसंच फेकून देऊ नये. साधनामागचं मॉडेल पुरवठादार अधूनमधून बदलतो, कधी ग्राहकाच्या लक्षातही न येता. टेबलांत नवे रकाने येतात, जुने कोड नव्या अर्थाने वापरले जातात. करारातच मॉडेल बदलण्याआधी सूचना देण्याची अट घालून घ्यावी, आणि अशी सूचना आली की तेच तीस-चाळीस प्रश्न पुन्हा चालवून जुन्या उत्तरांशी ताडून पाहावेत. जिथे फरक दिसेल तिथे दोन्ही क्वेरी शेजारी ठेवल्या की कुठली टेबलं वेगळी जोडली गेली किंवा कुठली अट गळली, हे ती भाषा जाणणाऱ्या माणसाला सहसा तासाभरात सापडतं.